कुडाळ-मालवण: घरगुती टॅक्सीवाल्यांशी आधी काय काय ठरवून घ्यावं?

डोंबिवली_फास्ट:
डिसेंबरात चार दिवस मालवण. ठाण्याहून रात्रीच्या ट्रेनने निघून सकाळी कुडाळला उतरू. आम्ही दोघं, पाच वर्षांचा लेक आणि माझे आई-बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे एसटी नको. ओळखीतून एका घरगुती टॅक्सीवाल्यांचा नंबर मिळाला. बाप-लेक गाडी चालवतात, फोन काकू घेतात. काकू इतक्या गोड बोलल्या की भाडं विचारायचंच राहिलं. मग विचारलं तर म्हणे, "या तर खरं, काय ते बघू." या 'काय ते बघू'चीच धास्ती वाटतेय.

गिअर_पाचवा:
आधी पिवळी नंबरप्लेट आहे ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

उकडा_भात:
तीन वर्षं आईला घेऊन अशाच एका घरच्या गाडीतून फिरतेय, म्हणून लिहिते. त्याआधी एकदा दुसरीकडे बुकिंग केलं होतं. ऐन सीझनला त्यांनी ते परस्पर तिसऱ्यालाच देऊन टाकलं. एर्टिगा ठरली होती, आली एर्टिगाच, पण सीएनजीची. डिकी उघडली तर आत सिलिंडर! आईने माझी सॅक मालवणपर्यंत मांडीवर धरली. तेव्हा गाडी कुठली एवढंच नाही, पेट्रोल की सीएनजी आणि चालवणार कोण, तेही विचारा.

दुसरं, किलोमीटर कुठून धरणार? गाडी मालवणात असेल तर कुडाळला तुम्हाला घ्यायला तीसेक किमी रिकामी येते. काही जण ते मोजतात, काही नाही. दोन्ही रास्तच, पण आधी कळायला हवं. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलाय का, तेही.

आणि वेंगुर्ला-रेडी एका दिवशी, कुणकेश्वर-विजयदुर्ग दुसऱ्या दिवशी ठेवा. मालवण मधोमध पडतं. दोन्ही टोकं एकाच दिवशी गाठायला गेलात तर बाबांचा गुडघा बोलेल.

गुडघ्याचं मात्र फोनवर आवर्जून सांगा. आम्ही सांगितलं होतं, तर आमच्या ड्रायव्हरदादांनी घरून न्हाणीतलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. दर थांब्याला आधी स्टूल खाली, मग आई. चार दिवसांत एकदाही सांगावं लागलं नाही. त्यानंतर मी दुसरीकडे चौकशीच केलेली नाही.

चेडू_कुडाळचा:
माझो घोव कुडाळ स्टेशनार गाडी लावता, म्हणान सांगतंय. ट्रेन लेट झाली तर वेटिंग घेतलात काय, ह्या आदीच इचारा. ट्रेन टायमार इली तर आमीच पेढे वाटतव! आणि बापाशीक पुढच्या शिटीर बसवा, पाय सरळ रवतत.

डोंबिवली_फास्ट:
काकूंना परत फोन केला. अजिबात रागावल्या नाहीत, व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवलं. गाडी पेट्रोलची, पिवळ्या प्लेटची. काका स्वतः येणार, किमी कुडाळपासूनच, वेटिंग नाही, टोल-पार्किंग आम्ही द्यायचं. सगळ्यात खाली एक ओळ: "बाबांना मासे चालतात ना?"