शब्दचर्चा : आत्मा ‘उत्क्रांत’ होतो का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात परवा चर्चा रंगली ती ‘मानवी आत्मा जडद्रव्यातून उत्क्रांत झाला असेल का’ या वाक्यावर. कुणी आत्म्याच्या जागी ‘जीव’ म्हणत होते, कुणी ‘चैतन्य’. हे शब्द येथे एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर : माझ्या मते चालत नाहीत, आणि वाद बराचसा त्यामुळेच गुंतला आहे. मृगाच्या आधी माझे वडील सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, त्यावर पाणी शिंपडत राहतात, आणि आठवडाभराने गोणपाट उलगडून मोड आलेले दाणे बोटाने बाजूला सारत मोजतात. सत्तरच्या वर भरले तर ते बियाणे पेरायचे. फार कमी भरले तर ते म्हणतात, ‘याच्यात जीव नाई रायला.’ दाण्यात आत्मा राहिला नाही, असे आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. जीव ओलाव्याने जागा होतो, किडीने जातो, कमीजास्त होतो. म्हणून तो द्रव्यातून कसा आला हा प्रश्न मराठीत सरळ विचारता येतो आणि विज्ञान त्याच्या उत्तराच्या मागे आहे. आत्मा मात्र गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ असा, म्हणजे जन्मच नसलेला आहे. ज्याला जन्म नाही तो कशातून जन्मला, हे विचारणे त्या शब्दाच्या अर्थाशीच जुळत नाही.

मूळ प्रश्न युरोपातला आहे. तेथील ख्रिस्ती विचारात आत्म्याला आरंभ आहे, त्यामुळे तो कशातून आणि कधी आला हे विचारता येते. डार्विनसोबत १८५८ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ मध्ये माणसाच्या बुद्धीचा आणि नीतिबोधाचा उलगडा केवळ निवडीने होत नाही असे लिहिले, आणि डार्विन त्यामुळे व्यथित झाले. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये देहाच्या उत्क्रांतीची चर्चा मोकळी ठेवली, पण आत्मा ईश्वर थेट निर्माण करतो हे मत सोडले नाही. त्या ‘आत्म्या’साठी आपण आपला ‘आत्मा’ वापरतो, तेव्हा अनादि वस्तूला आरंभ असलेल्या वस्तूचे कपडे घालतो.

‘उत्क्रांती’ या शब्दाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. उत् आणि क्रम्, म्हणजे वर किंवा बाहेर पाऊल टाकणे. बृहदारण्यक उपनिषदात ‘तमुत्क्रामन्तं प्राणोऽनूत्क्रामति’ असे आहे : तो, म्हणजे आत्मा, देहातून निघाला की त्याच्यामागून प्राण निघतो. ब्रह्मसूत्रांतही उत्क्रांती म्हणजे जीवाचे देह सोडून जाणे. म्हणजे ‘आत्मा उत्क्रांत झाला’ हे वाक्य जुन्या पंडिताच्या कानी पडले असते, तर त्याने मरणाची वार्ता समजून घेतली असती.

दुसरे मत : आपला मुद्दा पटतो, परंतु जडातून चैतन्य ही कल्पना परकी ठरवू नये. चार्वाक या आपल्याकडच्या जुन्या जडवादी मताप्रमाणे पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते आणि त्यासाठी दृष्टान्त आहे तो किण्वातून, म्हणजे आंबवण्याच्या द्रव्यातून, येणाऱ्या मदशक्तीचा, म्हणजे नशेचा. आमच्या गडचिरोलीकडे तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहाटे वेचलेली मोहफुले नुसती खाल्ली तर गोड लागतात, नशा चढत नाही. तीच वाळवून पाण्यात घालून आंबवली की जे फुलात नव्हते आणि पाण्यातही नव्हते ते त्यात येते. उलट रिद्धपूरच्या महानुभावांकडे जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जडसृष्टी) आणि परमेश्वर हे चारही नित्य व वेगळे. तेथे जीव प्रपंचातून उपजूच शकत नाही. म्हणजे ‘जीव’ शब्दही सगळीकडे आपल्या वडिलांच्या दाण्यातला नव्हे.

तिसरे मत : १९५६ नंतर बौद्ध झालेल्या आमच्यासारख्या घरांत आत्मा ही वस्तूच मान्य नाही, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान (येथे अर्थ जाणीव) या पाच स्कंधांत, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या पाच समूहांत, कायमचे असे काही नाही. धर्मांतराच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे, म्हणून शोकसंदेशात आम्ही ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहीत नाही. आमच्यासाठी हा प्रश्न ‘आत्मा’ शब्दाने सुरूच होत नाही.

उत्तर : महानुभावांच्या ‘जीवा’ची दुरुस्ती मी स्वीकारतो; तो शब्द मी फार सोपा धरला होता. बौद्ध घरांचा आक्षेपही बिनतोड आहे. वाचनालयाच्या फळ्यावर आता ‘जाणीव जडद्रव्यातून उपजू शकते का’ असे लिहावे असे मला वाटते. ‘जाणीव’ आत्मवाद्याला, चार्वाकाला आणि बौद्धाला आपापल्या अर्थाने मान्य आहे, आणि ‘उपजणे’ हे क्रियापद गोठ्यातल्या वासराला आणि मनातल्या विचाराला सारखेच लागते. ‘उत्क्रांती’ मात्र मी देहापुरतीच ठेवीन.