शब्दचर्चा : यीस्टच्या ‘सरफॅक्टंट’ला मराठीत काय म्हणावं?

वाटाड्या :
यीस्टने तयार केलेल्या बायोसरफॅक्टंटवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. सरफॅक्टंट म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य, आणि सजीवाने बनवलेलं ते बायोसरफॅक्टंट. ‘पृष्ठसक्रिय कारक’ लिहिलं की वाक्य ठेचकाळतं. मित्राने ‘नैसर्गिक साबण’ सुचवलं. लोकांना कळेल, पण बरोबर आहे का?

प्रयोगवही :
नाही. साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. यीस्टचं द्रव्य वेगळं: साखरेचं डोकं, मेदाम्लाची शेपटी. सगळ्यात जास्त अभ्यासलेलं सोफोरोलिपिड घ्या. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून झालेली सोफोरोज ही शर्करा आणि तिला चिकटलेलं, बहुतेक १६ किंवा १८ कार्बनचं मेदाम्ल. शेपटीचं टोक मोकळं राहिलं तर ते आम्लरूप. तेच टोक वळून परत साखरेला जोडलं गेलं की कडं होतं, ते लॅक्टोनरूप. यीस्ट दोन्हींची मिसळ देतं. आम्लरूप पाण्यात बरं विरघळतं आणि फेसही त्यातल्या त्यात तेच देतं. जिवाणूंना आवरण्यात लॅक्टोन सरस.

शाळेतलं ‘दुष्फेन पाणी’ आठवतंय? त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि साका करतं. लॅक्टोनरूपावर विद्युतभारच नाही, त्यामुळे कॅल्शियमला धरायला काही सापडत नाही. शिवाय ‘साबण’ म्हटलं की वाचक फेस शोधणार, आणि इथे फेस बेताचाच. भांडी धुण्याच्या यंत्रात तर तो गुणच, कारण तिथे फेस म्हणजे कटकट.

अनुस्वार :
मूळ इंग्रजी शब्दही काही फार कुलीन नाही. ‘सरफेस ॲक्टिव्ह एजंट’ची काटछाट करून १९५०च्या सुमारास बनवलेला. मग आपणही काटछाट करावी: ‘पृष्ठक्रियक’. ‘सक्रिय’मुळे उगाच वाटतं की हा पदार्थ कशाशी तरी जोरात रासायनिक क्रिया करतो.

वाटाड्या :
आणि ‘पृष्ठताणनाशक’?

प्रयोगवही :
नाश कुठे होतो? २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. सोफोरोलिपिडने तो ३० ते ४० पर्यंत उतरतो. उतरतो, संपत नाही. मेणचट पानावर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा असतो. त्या पाण्यात हे द्रव्य जरासं गेलं की मणी बसतो आणि पसरतो, फवारणीत याचा उपयोग. आणि ‘जरासं’ म्हणजे खरंच जरासं. रेणूंचे मिसेल, म्हणजे बारीक गोळके, जमायला शाम्पूतलं नेहमीचं सोडियम लॉरिल सल्फेट लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास लागतं. सोफोरोलिपिड बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी पुरतं.

माझी खरी तक्रार ‘पृष्ठ’ या शब्दावर आहे. तेल आणि पाणी जिथे भिडतात ती सीमा आपण पृष्ठ म्हणून डोळ्यांसमोर आणत नाही. क्रीममध्ये किंवा तेलाने माखलेली माती धुताना काम तिथेच चालतं. पण आता ‘पृष्ठताण’ रुळलाय, त्यामुळे ‘पृष्ठक्रियक’ला माझी हरकत नाही.

स्टेथो :
आमच्या बोलण्यात सरफॅक्टंट म्हणजे फुप्फुसातलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते कमी पडतं, म्हणून श्वासनलिकेतून देतात. तिथे ‘साबण’ म्हटलंत तर आईवडील दवाखाना डोक्यावर घेतील.

वाटाड्या :
साबण बाद! आता ‘यीस्टजन्य’ की ‘किण्वजन्य’?

अनुस्वार :
‘किण्व’ जुना आणि देखणा शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या विरजणासाठी येतो, ‘किण्वन’ त्यातूनच. पण म्हणूनच इथे घोळ. किण्वन जिवाणूही करतात. सुडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचं रॅम्नोलिपिडही मग किण्वजन्यच ठरेल. यीस्टच म्हणायचं असेल तर ‘यीस्टजन्य’ लिहा.

प्रयोगवही :
आणि हा फरक कीस काढण्यापुरता नाही. तो जिवाणू अशक्त माणसाला आजारी पाडू शकतो. स्टार्मेरेला बॉम्बिकोला हे सोफोरोलिपिडवालं यीस्ट रोगकारक मानलं जात नाही, त्यामुळे मोठ्या टाकीत वाढवायला सोयीचं.

अनुस्वार :
बॉम्बिकोला म्हणजे बॉम्बसपाशी राहणारं. बॉम्बस हे बंबलबीच्या प्रजातीचं नाव. हे यीस्ट त्यांच्याच मधात सापडलं. सोफोरोज आलं सोफोरा झाडावरून, आणि सोफोराच्या मुळाशी ‘पिवळा’ अर्थाचा अरबी शब्द. ग्रीक ‘सोफिया’शी, म्हणजे शहाणपणाशी, काही नातं नाही. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो.

प्रयोगवही :
मधावरून आठवलं. टाकीत यीस्टला साखर आणि तेल देतात. नायट्रोजन संपला की वाढ थांबते आणि हे द्रव्य सुटू लागतं: तपकिरी, मधासारखं दाट. हलवणं थांबवलं की तळाशी बसतं. द्रवात साखर भरपूर उरली असेल तर द्रवच जड, मग तेच वर तरंगतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तेल समजून जवळजवळ ओतूनच दिलं होतं. लिटरला ३०० ग्रॅमहून जास्त उत्पादनाच्या नोंदी आहेत. खनिज तेलापासूनच्या मालापेक्षा तरीही महागच पडतं.

‘नैसर्गिक’ शब्द मात्र जपून वापरा. टाकीतलं तेल कुठलंही असू शकतं, पामचंसुद्धा. ‘जैव’ पुरे.

वाटाड्या :
मग पहिलं वाक्य असं: ‘काही यीस्ट शर्करा आणि मेदाम्ल जोडून जैव पृष्ठक्रियकं तयार करतात.’

अनुस्वार :
‘करतात’ चालेल, पण तुमचं यीस्ट आहे कोण? वर सगळेजण ‘ते यीस्ट’ म्हणतायत. नपुंसकलिंगी ठेवलंत तर अनेकवचनही यीस्टच राहू द्या. ‘यीस्टे’ नको, वाचवत नाही.