प्रतिसाद: राजगड-तोरणा-रायगड, तीन दिवसांत

राजगड-तोरणा-रायगड ट्रेक तीन दिवसांत करायच्या वरच्या लेखात पाणी भरपूर घ्या असं जे लिहिलंय, ते शंभर टक्के पटलं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून उतरलात की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत सगळी डोंगराची धारच आहे. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत तिथे माणशी चार लिटरही पुरत नाहीत. पण "दुसऱ्या दिवशी दुपारी मोहरी गावात जेवून लगेच बोराट्याची नाळ (घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी खडकाळ घळ) उतरू" हे तिथलं काही पटत नाही. आम्ही नेमकं हेच केलं होतं. नाळेचं तोंड पश्चिमेकडे, त्यामुळे सकाळी सावली असते. तीनच्या सुमाराला मात्र खडक असे तापलेले की हात टेकवला तर लगेच उचलावा लागत होता. वाट अशी नाहीच, नुसते दगडधोंडे. मागच्याच्या पायाखालून नारळाएवढा दगड सुटला आणि माझ्या पोटरीला घासून टणाटणा खाली गेला. लिंगाणा किल्ल्याच्या सुळक्याजवळच्या खिंडीत पोचेपर्यंत अंधारलं, आणि खाली पायथ्याचं पाने गाव गाठायचं तेव्हाही बाकीच होतं.

त्यापेक्षा दुसरा मुक्काम मोहरीतच टाका. गावात आधी फोन करून ठेवलात तर पिठलं-भाकरी मिळते (आमच्यात एकाने सात खाल्ल्या). पहाटे उठून नाळेला लागा, अंतर राखून उतरा, आणि रायगड चढायला पाय उरले नाहीत तर सरळ रोपवे घ्या. गुडघ्यांना विचारूनच.