मदत हवी आहे: प्रश्नावलीत हे मराठीत कसं विचारू?

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या, बाईवर प्रेम असणाऱ्या बायका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे कधी आणि कशा पोहोचतात.

संदर्भ फारच तुटपुंजे आहेत. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जण नोंदले गेले, पण या बायका तिथे 'स्त्री'च. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गर्भाशय काढलंय का इथपर्यंत विचारलंय, लैंगिक कल नाही. एचआयव्हीच्या कार्यक्रमामुळे समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांची थोडीफार माहिती तरी जमली. बाईवर प्रेम असणाऱ्या बायकांना ती जोखीम कमी, म्हणून त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही.

आतापर्यंत चौघी बोलल्या. एकीचं अंगावरून जाणं महिनोन्‌महिने थांबत नव्हतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" लग्न नाही म्हटल्यावर न तपासताच गोळ्या दिल्या. पुढे गाठीचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सही केली ती अकरा वर्षं सोबत राहणाऱ्या जोडीदारणीने. नात्याच्या रकान्यात लिहिलं 'मावसबहीण'. हे सांगताना ताईंना बोलवेना, आणि मलाही पुढचं विचारवलं नाही.

मी अडलेय शब्दांपाशी. 'समलैंगिक' म्हटलं की समोरची आक्रसते. 'उभयलिंगी' (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणारी) म्हटलं की शरीरातच काही वेगळं, असा अर्थ घेतला जातो. चौघींपैकी एकीनेही स्वतःसाठी शब्द वापरला नाही. 'आम्ही दोघी' एवढंच. मग कल विचारण्याऐवजी 'आजारपणात उशाशी कोण बसतं?' इथून सुरुवात केली तर चालेल का? अशी मराठी प्रश्नावली कुणी वापरली आहे का?

दुसरं, संमतीपत्र. सही केलेला कागद घरात कुणाच्या हाती लागला तर तिचं काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैतिकता समितीच्या मान्यतेने तोंडी संमतीची सोय आहे, पण आमची समिती सहीवर अडून बसलीय. कुणी अशी मान्यता मिळवली असेल तर अर्जात काय कारण मांडलं, ते कृपया सांगा.

कुणाचंही नाव, गाव, नंबर इथे लिहू नका. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.