ऐन पावसात टोमॅटोची हिरवीगार झाडं मान टाकतात, काय करावं? (अनगोळ, बेळगाव)

अनगोळची_परसबाग:
नमस्कार मंडळी. आमच्या घरामागं छोटी पट्टी आहे, लाल मातीची, लेआउट पडायच्या आधी तिथं बटाटा व्हायचा म्हणतात. यंदा मृगाचा पाऊस लागल्यावर टोमॅटो, मिरची, दोडका, दुधी असं सगळं लावलं. टोमॅटो गुडघ्याच्या वर आले, फुलं धरली आणि आता काय होतंय तर दुपारी एक झाड मलूल दिसतंय, संध्याकाळी जरा सावरतंय, दोन दिवसात खलास, की लगेच शेजारचं. पानं पिवळी नाहीत, डाग नाहीत, कीड नाही, हिरवंच्या हिरवं झाड मान टाकतंय. दुकानात विचारलं तर पाणी कमी पडत असेल म्हणाले, आता ह्या झडीत पाणी कुठनं कमी पडणार ओ?
दुसरं म्हणजे दोडका नि दुधीला बोटाएवढी फळं दिसतात, पिवळी होऊन गळतात. आणि पेरूचं झाड भरलंय पण कापला की आत अळ्या, मुलं हात लावत नाहीत. सासूबाईंना घरची भाजी खायची लई हौस आहे, त्यांच्यासाठी तरी नीट व्हायला पाहिजे. माहीतगारांनी सांगा की.

खानापूरचा_मळा:
ताई, हा बॅक्टेरियाचा मर रोग वाटतोय. खात्री घरीच करता येते. नुकतंच मान टाकलेलं झाड उपटा, बुंध्याजवळचा दोन-तीन इंचाचा तुकडा धारदार सुरीनं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात वरनं टांगता धरा, कापलेलं टोक पाण्यात पाहिजे आणि ग्लास हलवायचा नाही. थोड्या वेळात त्या टोकातनं पांढरट दोरे खाली उतरायला लागले तर समजायचं तोच. दोरे नाही उतरले तर मग बुरशी, मुळं कुजणं वगैरे दुसरी कारणं बघायची.
तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, पण त्या झाडावर औषध नाही. दुकानदार अँटिबायोटिकची पावडर देईल, ती घरच्या खायच्या भाजीला घालू नका, उपयोग पण होत नाही. हा जंतू मातीत राहतो, मुळांच्या जखमेतनं आत शिरतो आणि झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्याच तुंबवतो, म्हणून भर पावसात झाड तहानेनं मरतंय. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा सगळे एका कुळातले, सगळ्यांना लागतो. तुमच्या जागेत बटाटा व्हायचा म्हणताय तिथंच मला शंका आली. आमच्या खानापूर भागात लाल आंबट माती आणि हा पाऊस, त्यामुळं टोमॅटो पावसाळ्यात जमिनीत लावायचाच नाही असं मी ठरवून टाकलंय. पुण्या-नाशिकचे व्हिडिओ बघून जूनमध्ये टोमॅटो लावणारे सगळे ऑगस्टमध्ये असेच प्रश्न विचारतात, आपला पाऊस वेगळा, माती वेगळी, तारखा पण वेगळ्याच पाहिजेत.
मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये अजिबात नको. तिथलं पाणी उताराला दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपं धुऊन घ्या. आणि निदान दोन-तीन वर्षं त्या जागी मका, पालेभाजी, वेल असलं काहीतरी घ्या.

बेळगुंदी_काकू:
वर दादांनी बरोबर सांगितलंय. त्या रिकाम्या जागेत रताळ्याचे वेल लावा की, आमच्या इकडं घरोघरी असतात, टोमॅटोच्या कुळातलं नाही ते. शेंड्याकडचे वीतभर-दीड वीत तुकडे वरंब्यावर लावायचे, पावसाचं पाणी साचता कामा नये. मधे मधे वेल उचलून फिरवायचे म्हणजे पेरापेराला मुळं धरत नाहीत, नाहीतर पाला नुसता माजतो नि खाली रताळी करंगळीएवढी. तुम्हाला जरा उशीर झालाय तरी या पंधरवड्यात लावलं तर चार महिन्यांनी काढता येतील.
आता दोडका. फळ गळतंय म्हणजे बहुतेक परागीभवन होत नाहीये. वेलाला नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादी फुलाच्या मागं इवलासा दोडका असतोच, नर फूल नुसत्या देठावर. सलग पावसात माश्या बाहेर पडत नाहीत मग ते काम आपण करायचं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळी जाऊन बघाल तर कोमेजलेली असतात, आणि काकडी, भोपळा, कारलं सकाळी. तर चार-पाचच्या पुढं उघडीप बघून ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या आतल्या भागावर हलक्या हातानं फिरवायचा, बोटाला पिवळी भुकटी लागली पाहिजे. ओलं फूल असेल तर ते नको. सासूबाईंना सांगा, आमच्या घरी हे काम सासूबाईच करायच्या, मोठ्या आवडीनं.
फळ मोठं होऊन वाकडं झालं, त्यावर टोचल्यासारखा डाग दिसला तर ती फळमाशी. मग वेलभाजीचा क्यू-ल्युअरचा (नर माशीला ओढून घेणाऱ्या वासाच्या गोळीचा) सापळा टांगा. पेरू-आंब्याचा सापळा वेगळा असतो, दुकानात नीट सांगून घ्या.

निपाणी_काळीमाती:
पेरूबद्दल लिहितो. पावसाळ्यातला पेरू पाणचट आणि फळमाशीनं भरलेला हे ठरलेलंच आहे. ही फळं फेब्रुवारी-मार्चच्या फुलांची. ती फुलं हातानं काढून टाकायची, उन्हाळ्यात पाणी तोडायचं, मे महिन्यात शेंडे हलके छाटायचे, म्हणजे पाऊस पडल्यावर नवी फूट आणि त्याच्यावर फुलं, फळ थंडीत मिळतंय. थंडीतला पेरू गोड नि त्यात अळी अगदी कमी. आता जी फळं गळाली ती रोज वेचून पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा खोल पुरा, झाडाखाली राहिली की अळ्या मातीत जाऊन कोष करतात नि पुन्हा माश्या.
आमच्याकडं काळी माती, पाणी धरून ठेवते, म्हणून आम्ही गादी वाफ्याशिवाय, म्हणजे माती उंच केलेल्या वाफ्याशिवाय, पावसाळ्यात काही लावत नाही. पपई तर एक दिवस पाण्यात उभी राहिली की गेलीच समजा.

अनगोळची_परसबाग:
खूप आभार सगळ्यांचे! ग्लासाची परीक्षा केली, दुधासारखे दोरे सरळ खाली उतरले, सासूबाई पण बघत होत्या. झाडं उपटून टाकली. काल संध्याकाळी दोडक्याचं पण करून बघितलं, आता बघू. पण टोमॅटो घरात लागतोच हो, कुंडीत लावला तर येईल का?

खानापूरचा_मळा:
येतोय की, पण कुंडीत ती माती घालू नका आणि कुंडी त्या वाफ्यावर ठेवू नका, मुळं खाली उतरतात. विटांवर ठेवा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात पण चालतो, निम्मं पोतं भरेल एवढी नवी माती, शेणखत आणि भुसा-कोकोपीट, खाली भोकं पाडून. बियाणं अर्का रक्षक बघा, बेंगळुरूच्या आयआयएचआर ह्या बागायती पिकांच्या संशोधन संस्थेचं आहे, मर, करपा आणि पानं आकसणारा व्हायरस तिन्हींना तोंड देतंय. अगदी लागणारच नाही असं नाही, पण साध्या वाणापेक्षा टिकतं.
गणपतीच्या सुमारास ट्रेमध्ये बी टाका, दसऱ्याच्या आसपास रोपं हलवा, पाऊस ओसरलेला असतो. दिवाळी झाली की फळं धरायला लागतील. वाफ्याची माती एकदा तपासून घ्या, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे तिथं विचारा. आंबटपणा जास्त निघाला तर किती चुना घालायचा ते रिपोर्ट बघूनच ठरवा, अंदाजानं टाकू नका.

बेळगुंदी_काकू:
आणि मिरचीवर रोज नजर ठेवा, एखादं झाड जरी मलूल दिसलं तरी त्याच दिवशी काढा. तोपर्यंत मोकळ्या कोपऱ्यात लाल माठ टाका, महिन्याच्या आत भाजी होईल. रताळ्याचे वेल पाहिजे असतील तर सांगा, आमच्याकडनं घेऊन जा.