टर्बाइनच्या ब्लेडवर धूळ बसली तर ब्लेड वाचतं की जळतं?

खारघरचा_फिटर:
काल नवी मुंबईतल्या उलव्याच्या धुळीवर बोलणं चाललं होतं तिथे एकाने ठोकून दिलं, 'गॅस टर्बाइनच्या ब्लेडवर धुळीचा थर बसला तर उलट बरं, गरम गॅसपासून पांघरूण मिळतं, फारच झालं तर वॉश मारायचा, म्हणजे मशिन पाण्याने धुवायचं.' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मोठ्या मशिनमध्ये पहिल्या स्टेजला (ब्लेडच्या पहिल्या रांगेला) गॅस १५०० अंशांच्या आसपास येतो आणि ब्लेडचा निकेलचा धातू १३००-१३५० ला वितळतो, मग ब्लेड टिकतं कशावर? तर कॉम्प्रेसरमधून (हवा दाबणारा पुढचा भाग) काढलेली हवा त्याच्या पोटातून फिरते आणि बारीक भोकांतून बाहेर येऊन वरून गार पदर धरते, त्यावर. धूळ येते ती याच हवेतून. बाहेरचा थर एकवेळ पांघरूण म्हणा, पण आतल्या वळणावर थर धरला की तो धातू आणि गार हवा यांच्या मधे येतो, म्हणजे पांघरूण नेमकं उलट्या बाजूला! आणि वॉशने कॉम्प्रेसर धुतला जातो हो, ब्लेडचं पोट नाही.

पामबीच_इंजिनीअर:
ते मीच लिहिलंय आणि अजून तेच म्हणतो. थरातून उष्णता कमी जाते हे पुस्तकात आहे. शिवाय जमिनीवरच्या प्लांटला हवा गाळणारं फिल्टर हाउस असतं, विमानाच्या इंजिनाला नसतं, दोन्हीची खिचडी करू नका. उरणचं ६७२ मेगावॅटचं गॅसवरचं वीज केंद्र इतकी वर्षं खाडीच्या वाऱ्यात उभं आहे, तिथे रड गॅस पुरेसा न मिळण्याची आहे, धुळीची नाही. भोकं बुजली असती तर एक्झॉस्ट टेम्परेचरवर दिसलं असतं.

खारघरचा_फिटर:
नसतं दिसलं साहेब. एक्झॉस्टचे थर्मोकपल सगळ्या ब्लेडांतून मिसळून आलेल्या गॅसचं तापमान मोजतात, एका ब्लेडच्या कडेला चार भोकं बुजली तर त्यांना पत्ता लागत नाही. मी होतो तिथे (नाव घेत नाही) पॅनलवर सगळं हिरवं, आणि केसिंग उघडल्यावर पुढच्या कडेच्या भोकांत तपकिरी काच भरलेली, पिन घातली तर पिन वाकली, भोकाच्या खालच्या बाजूला कोटिंग उडून धातू निळा-काळा पडलेला. धातू ३० अंशांनी जास्त तापत राहिला तरी आयुष्य निम्म्यावर येऊ शकतं. फिल्टर म्हणाल तर खरेदीत सगळ्यात स्वस्त तोच आणायचा, आणि शिव्या खायच्या मेंटेनन्सने.

उलवेकर_गृहिणी:
तुमच्या ब्लेडचं ठीक आहे, आमच्या फुप्फुसांना कुठे फिल्टर आहे? विमानतळासाठी डोंगर फोडला तेव्हापासून ग्रिलवर सकाळी पुसलं की संध्याकाळी बोट फिरवून नाव लिहावं इतकी धूळ. डंपरवर ताडपत्री नसतेच.

घोडबंदर_रोजचा:
उलव्याचं काय घेऊन बसलात, मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आम्ही कासारवडवलीत खिडकी उघडलेली नाही! रस्ता खणायचा, बुजवायचा, परत खणायचा.

उलवेकर_गृहिणी:
तुमच्याकडे निदान सुरुंग नव्हते. माझ्या मुलाचा खोकला उन्हाळाभर गेला नाही.

घोडबंदर_रोजचा:
ताई, खोकल्याची शर्यत लावायची का आता? माझ्या वडिलांना पंप चालू आहे.

पामबीच_इंजिनीअर:
अहो धागा टर्बाइनचा आहे, तक्रारी पालिकेत करा.

उलवेकर_गृहिणी:
करून झाल्या. धूळ उलव्याचीच ना, की मशीनमध्ये गेली तरच ती महत्त्वाची?

मटेरियलवाली_ठाणे:
ताईंचा मुद्दा धाग्याबाहेरचा नाहीये. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका सगळं आहे, वर बांधकामाच्या सिमेंटचं कॅल्शियम. हेच मिश्रण साधारण १२००-१२५० अंशांना वितळून काच होतं आणि ब्लेडवर उष्णता अडवायला दिलेल्या झिर्कोनियाच्या (सिरॅमिकच्या) कोटिंगच्या छिद्रांत मुरतं. मशीन बंद झालं की काच गोठून कडक होते आणि कोटिंगचे पापुद्रे निघतात. म्हणजे ज्याला तुम्ही पांघरूण म्हणताय ते खरं पांघरूणच सोलून नेतं. २४ जून १९८२ ला इंडोनेशियातल्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली, ती वितळलेल्या राखेनेच. इंजिनं गार झाल्यावर काच तडकून थोडी सुटली म्हणून परत सुरू झाली.

पामबीच_इंजिनीअर:
राखेच्या ढगात शिरणं आणि उलव्याची धूळ एकच का? काहीतरी प्रमाण ठेवा.

मटेरियलवाली_ठाणे:
एक नाहीच. तिथे मिनिटांत झालं, इथे हजारो तासांत होईल. पण थर खडबडीत असतो, त्याने गॅस घुसळला जाऊन उष्णता जास्त आत येते, आणि भोकाच्या तोंडाशी साचलं की हवेचा झोत पृष्ठभाग सोडून वर उडतो. शेगडीच्या बर्नरवर दूध उतू गेल्यावर ज्योत वाकडी होते ना, तसं.

पामबीच_इंजिनीअर:
बरं, आतल्या थराचं मान्य. मी बाहेरच्याबद्दल बोलत होतो, आणि चांगला फिल्टर असेल तर माझं म्हणणं अजून खरं आहे.

खारघरचा_फिटर:
चांगला असेल तर! एक-दोन मायक्रॉनची धूळ साध्या फिल्टरमधून सरळ जाते, आणि खाडीकाठी सोबत मीठ. मीठ आणि सल्फर मिळून धातू खातात तो हिशेब वेगळाच. पुढच्या शटडाऊनला बोरोस्कोप (आत घालायचा नळीचा कॅमेरा) पहिल्या स्टेजच्या पुढच्या कडेला न्या आणि फोटो इथे टाका, मग बोलू.

उलवेकर_गृहिणी:
आणि येताना डंपरचाही एक फोटो काढा.