मदत हवी आहे: फेरोमोन स्प्रे किती वेळ आधी मारायचा?

घाईत_आहे
रविवारी कार्यक्रम आहे. फेरोमोन स्प्रे, म्हणजे वासाने समोरच्याला ओढून घेणारं रसायन म्हणे, ऑनलाइन मागवला, आलाही. बाटलीवर नुसतं 'दोन पफ' लिहिलंय. घरून निघताना मारू की तिथे पोचल्यावर? शर्टवर की मानेवर? ज्यांनी वापरलाय त्यांनीच सांगा, लेक्चर नको.

शंकासूर
कसला कार्यक्रम? बारसं?

घाईत_आहे
कांदेपोहे हो. दुसरं काय असणार.

मुलुंडची_मावशी
अरे, तू मुलगा की मुलगी? जायचंय कुठून कुठे?

घाईत_आहे
मुलगा. बदलापूर ते पार्ले, दादरला बदलून. स्प्रेचा यात काय संबंध?

सूक्ष्मदर्शक
बाटलीमागे घटक बघा. अँड्रोस्टेनोन आहे का?

घाईत_आहे
आहे. मोबाईलचा टॉर्च मारून वाचलं, मुंगीएवढी अक्षरं.

सूक्ष्मदर्शक
ते नर डुकराच्या लाळेत असतं. माजावर आलेली मादी त्या वासाने जागच्या जागी उभी राहते, म्हणून वराहपालनवाले ते फवारतात. माणसांत काहींना त्याचा वासच येत नाही आणि काहींना मुतारीसारखा येतो. मुलीची आई कुठल्या गटातली निघेल, सांगता येत नाही.
रेशमाच्या पतंगाच्या मादीचं नराला ओढणारं रसायन, बॉम्बिकॉल, १९५९ साली शोधलं, फेरोमोन हा शब्दही त्याच वर्षीचा. माणसांत मात्र असा एकही रेणू आजवर पक्का सापडलेला नाही. बाटली परत घेतात का बघा.

हॉस्टेलवाली
साफ असहमत. हॉस्टेलला आमच्या खोलीत चौघींची पाळी एकदम यायची, ते फेरोमोनमुळेच. एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जुळतात, यावरचा मॅक्लिंटॉकबाईंचा १९७१चा पेपर वाचा.

सूक्ष्मदर्शक
वाचलाय. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. कुणाचं चक्र २६ दिवसांचं, कुणाचं ३२चं, तारखा मधूनमधून जुळणारच. जुळल्या की लक्षात राहतात, चुकल्या की कोण मोजतंय?

हॉस्टेलवाली
तुम्हाला येते का पाळी? नाही ना? मग राहू द्या.

निसर्गप्रेमी
मित्रा, स्प्रे फेक आणि डिओही फेक. १९९५ला स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांनी दोन रात्री घातलेले टीशर्ट मुलींना हुंगायला दिले. प्रतिकारशक्तीची जनुकं ज्यांची आपल्यापेक्षा वेगळी, त्यांचाच वास मुलींना आवडला. निसर्ग आपोआप जोडी लावतो.

सूक्ष्मदर्शक
अर्धंच सांगताय. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत कल उलटा निघाला होता. आणि ते टीशर्ट कर्जत लोकलमधून आलेले नव्हते.

मुलुंडची_मावशी
डिओ फेक काय! बदलापूरहून उभ्याने येणार पोरगं. आंघोळीला चंदनाचं उटणं लाव बाळा, आमच्या धाकट्याचं त्यावरच जमलं.

नाइट_ड्यूटी
नर्स आहे म्हणून सांगते. टेन्शन आलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि काखेतल्या ग्रंथी कामाला लागतात. तो घाम आधी बिनवासाचा असतो, कातडीवरचे जिवाणू त्याचा वास करतात. साधा डिओ हे झाकतो, अँटीपर्स्पिरंट घामच कमी करतं. ते शनिवारी रात्री कोरड्या काखेत लाव, सकाळी घाईत लावून उपयोग कमी. ताजा शर्ट पिशवीत ने, पार्ल्याला उतरून बदल. पोह्यांआधी कॉफीवर कॉफी नको, छाती आणखी धडधडेल.

आजोबा_बोरिवली
हार्मोन्सवरून आठवलं. आमच्या हिला थायरॉईड आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना जरूर सांगा, रिपोर्ट फसवा येतो.

शंकासूर
काका, थायरॉईड कोणी विचारलंय?

आजोबा_बोरिवली
कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

घाईत_आहे
बाटली परत घेत नाहीत, सील तोडलंय. अँटीपर्स्पिरंट घेतो. आता शेवटचं विचारतो, हा स्प्रे वापरलेला कोणी आहे का इथे?

शंकासूर
असला तरी कबूल करणार आहे का? ते सोड, रविवारचा मेगाब्लॉक बघितलास? माटुंगा-मुलुंड असला तर फास्ट गाड्या स्लोवर वळवतात. मुलीकडच्यांना किती वाजता सांगितलंयस?